शेवटच्या डब्याचा दिवा

साहेबराव गांगुर्डे हा मुळात दिव्यांवर जगणारा माणूस. भोसरीच्या एका कंपनीत कंट्रोल पॅनल बनायची, आणि मशीन चालू आहे की बंद हे सांगणारे जे छोटे दिवे त्या पॅनलांवर असतात, ते बसवायचं आणि तपासायचं काम त्याच्याकडे होतं. तपासायची तिथली रीत साधी. दिवा लावायचा, शेडचं मोठं शटर वर करून ऊन आत घ्यायचं आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं. तिथून दिवा दिसला तर पॅनल पास, नाही दिसला तर परत. या रीतीवर साहेबरावाची इतकी श्रद्धा की घरातला कंदीलसुद्धा तो गल्लीच्या टोकाला जाऊन बघून यायचा. बायको कस्तुरा म्हणायची, यांना चंद्र तपासायला दिला तर तोही परत पाठवतील.

एकोणऐंशीच्या सुमारास कंपनीत परदेशातून नमुन्यादाखल एक पॅनल आलं. त्यावर बल्ब नव्हतेच. बल्बांच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढे लाल ठिपके होते, एलईडी नावाचे. साहेबरावाने ते सकाळी चालू केले आणि जेवणाच्या सुट्टीत, आता चांगले तापले असतील म्हणून, जपून एकाला बोट लावलं. दाणा गार होता. दुसऱ्याला लावलं, तोही गार. आत तार नाही, जळत काही नाही, आणि तरी उजेड. त्याने जन्मापासून जे जे दिवे पाहिले होते त्या प्रत्येकात काही ना काही जळत होतं: वात, रॉकेल, तार. हा मात्र कुणाचंच काही न जाळता शांत बसून उजळत होता. साहेबराव डबा खायचा विसरला, आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी तिथेच खुळ्यासारखा उभा राहिला.

पुढे कंपनीच तसले दिवे वापरू लागली, तेव्हा साहेबांना विचारून त्याने एक घरी आणला, आईला दाखवायला. आई म्हणजे जाईबाई. तिची एका डोळ्याची नजर आधीच गेलेली. दुसऱ्यात मोतीबिंदूही होता आणि काचबिंदूही, आणि ऑपरेशन करून हाती काही लागेल ही आशा डॉक्टरांनी सोडून दिली होती. दिसतंय तोवर बघून घ्या आजी, एवढंच ते म्हणाले होते. त्या संध्याकाळी वस्तीतली लाइट गेलेली होती. साहेबरावाने बॅटरीला जोडलेला तो लाल दाणा आईच्या तळहातावर ठेवला. तिने हात डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला.

"उदबत्तीच्या टोकावाणी हाय," ती म्हणाली आणि दिवा तसाच तळहातावर धरून बसली. लाइट आल्यावर दिवा तिने परत दिला. म्हातारीला खेळणं आवडलं, असं साहेबरावाला वाटलं. माणूस हुशार होता, पण आईच्या बाबतीत मुलांची हुशारी कुठे जाते कोण जाणे.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण त्या घरात ती गाडी रोज जेवायला असल्यासारखीच होती. छप्पन्न साली बाबासाहेब नागपूरला धम्मदीक्षा देणार म्हटल्यावर नांदगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावातून सगळी आवाठी, लहानथोर सगळी वस्ती, निघाली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, भाकरीची गाठोडी. साहेबराव तेव्हा वर्षाचा. रात्री नांदगाव स्टेशनात गाडी लागली, मंडळी आत चढली, आणि जाईबाईच्या कडेवरचं पोर तापाने नुसतं भाजायला लागलं. त्याचे डोळे फिरले. डब्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. गाडी सुटायच्या बेतात असताना ती पोराला घेऊन खाली उतरली. नवरा खंडू तिच्यामागे उतरू लागला, तर तिने त्याला हाताने परत आत लोटलं. गाडी गेली. खंडू नागपूरहून परतला तो नवा माणूस होऊन, आणि त्याने तिला पंचशील शिकवलं. बासष्ट साली कुटुंब पिंपरीला आलं. खंडू नव्या कंपन्यांच्या बांधकामांवर राबला आणि पुढे एका आजारपणात गेला. पण जाईबाईची ती गाडी काही गेली नाही. वस्तीत कुणी नागपूरच्या मैदानाची गोष्ट काढली की ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, गाडी बघावी तर ती.

साहेबराव या वाक्याचा अर्थ एकच लावत आला होता. आपल्या तापामुळे आईचं नागपूर हुकलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तर त्याला जास्त लागायचं. कधी कुठे रेल्वेची शिट्टी ऐकली की त्याला उगाच अपराध्यासारखं व्हायचं.

एक्क्याऐंशीच्या दसऱ्याला दीक्षेला पंचवीस वर्षं होणार होती. वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात बैठक बसली. चिमाजीबुवा त्या गाडीतून स्वतः गेलेले, विहाराचा सगळा कारभार त्यांच्याच हाती. त्यांनी सुचवलं की यंदा ती गाडीच करू, छोटी, रुळांवर पळणारी, खिडक्यांत दिवे लागलेली. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेबराव उभा राहिला आणि म्हणाला, गाडी मी करतो. घरी येऊन त्याने आईला सांगितलं की तुझ्या डोळ्यांत नजर आहे तोवर तुला ती गाडी परत दाखवणार. जाईबाईने मान हलवली. बघू, म्हणाली, ओळखू येते का.

डबे त्याने तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे केले. पितळी पट्ट्यांचे रूळ केले, आणि त्या रुळांतूनच डब्यांना वीज मिळेल अशी सोय केली. खालच्या अंगाला जुनी स्कूटरची बॅटरी ठेवली. इंजिनाची चाकं फिरवायला बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर होती. तोवर सगळं झकास चाललं. घोडं अडलं दिव्यांपाशी. आधी त्याने टॉर्चचे बल्ब लावले. जरा वेळाने पत्रा चटका द्यायला लागला, खिडक्यांना लावलेला बटरपेपर पिवळा पडून करपला, आणि चिमाजीबुवांनी विचारलं की गाडी नागपूरला नेताय की स्मशानात. तेव्हा साहेबरावाला तो गार दाणा आठवला.

रविवारी तो पुण्याला, बुधवार पेठेत गेला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तेव्हा लाल एलईडी मुबलक, हिरवे बरे, आणि पिवळे मोजकेच. पांढरा नव्हताच, कुठेच नव्हता. गाडीच्या खिडक्यांना पिवळाच हवा. सगळ्यांत बारका आकार मागून घेऊन साहेबराव काउंटरवर वाकला आणि एकेक दाणा बॅटरीला लावून बघू लागला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की एकाच पाकिटातले पिवळे एकसारखे नसतात. एक लिंबाकडे झुकलेला, एक संत्र्याकडे, एखादा हळदीसारखा नेमका. दिवसभर दिव्यांत वावरणाऱ्या त्या माणसाला उजेडातही वाण असतो हे त्या काउंटरवर कळलं. जुन्या डब्यातले दिवे हळदीचेच असणार असं त्याच्या मनाने घेतलं. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाही नाद लागला आणि तोही निवडू लागला. निघताना साहेबरावाने एक लाल दाणाही घेतला, गाडीच्या पाठीमागे हवा म्हणून. तो निवडला नाही, वर होता तो उचलला.

एलईडीची एक खोड असते. त्याला वीज मोजून लागते. सरळ बॅटरीला जोडला तर क्षणभर भडकतो आणि कायमचा मरतो. म्हणून प्रत्येकाच्या वाटेत एक रेझिस्टर बसवायचा, वीज अडवून थोडी थोडी सोडणारा. तांदळापेक्षा जरा मोठा तो तुकडा, अंगावर रंगीत पट्टे, आणि किती अडवणार ते त्या पट्ट्यांत लिहिलेलं. एवढीशी वस्तू, पण दिव्याचं मरण आणि जगणं तिच्या हातात. साहेबरावाने पट्टे वाचून पिवळा-जांभळा-तपकिरी निवडला, दिव्याला भरपूर वीज देणारा. एका खिडकीत एक दाणा ठेवला असता तर भागलं असतं, पण त्याने दोन-दोन, तीन-तीन बसवले. मग विहाराची ट्यूबलाइट लावली, दार उघडलं, आणि अंगण ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेला. तिथून खिडक्या दिसल्या. गाडी पास झाली.

संध्याकाळी आईला आणलं. गाडी सुरू केली. जाईबाई बघत राहिली, डोळा बारीक करून, मान वाकडी करून.

"कुठं हाय गाडी?" तिने विचारलं.

साहेबरावाने तिचा हात धरून रुळांकडे नेला. समोरच आहे, तो म्हणाला. तिला समोर पिवळा धुरळा दिसत होता, उन्हात उडतो तसा. त्यात गाडी नव्हती, खिडक्या नव्हत्या. घरी जाताना ती त्याला समजावत राहिली की गाडी चांगलीच असेल, डोळाच वाईट आहे.

पण साहेबराव ऐकणारा नव्हता. नजर कमी आहे ना, मग उजेड जास्त देऊ. त्याने रेझिस्टर बदलले, नारिंगी-नारिंगी-तपकिरी घातले, आणखी वीज सोडणारे. काही दाणे दोन दिवसांत काळवंडले. उरलेल्यांनी जिवाचं रान करून उजेड दिला, आणि जाईबाईला धुरळा जास्त दाट दिसला. तो रोज कंपनीतून सुटला की विहारात, आणि विहारातून परतला की तोंड पाडून बसलेला. दसरा तोंडावर आला. आपण उशीर केला, नजर आधीच गेली, हा विचार काही त्याच्या डोक्यातून जाईना. कस्तुराने ताट वाढलं तरी त्याचा हात पुढे होईना.

शेवटी जाईबाईनेच कोंडी फोडली. भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती म्हणाली, "तू मागं हातावर ठिवला व्हतास तो लाल दिवा मला दिसला व्हता."

साहेबराव म्हणाला, तो एकच होता, आणि बारकासा होता.

"म्हणूनच दिसला. अंधार व्हता आन तो एकटा व्हता." तिने पुढे सांगितलं की त्या गाडीत एवढा उजेड नव्हताच. उभ्या गाडीत दिवे मिणमिणत होते, आणि खिडक्यांत माणसंच इतकी होती की त्यांच्या फटीफटीतून येईल तेवढाच उजेड फलाटावर सांडत होता. "तू माणसं बसवली न्हाईस, साहेबा. नुसते दिवे लावलेस."

साहेबराव तसाच उठून विहारात गेला. उभ्या आयुष्यात त्याने दिवा तपासला तो लांबून आणि उन्हात. अधू डोळ्याला उजेड कमी पडत नव्हता, जास्त होत होता, आणि हे त्याला शेडच्या त्या टोकावरून कधीच दिसलं नसतं. त्याने जादा दाणे उपटून काढले. एका खिडकीला एक. मग रेझिस्टरांचा ढीग समोर ओतून तो वरच्या वरच्या आकड्याचे, जास्त जास्त अडवणारे, लावत गेला आणि प्रत्येक वेळी ट्यूब बंद करून एक डोळा झाकून, दुसरा अर्धा मिटून बघत गेला. लाल-लाल-लाल पट्ट्यांच्या रेझिस्टरपाशी खिडक्या सुट्या झाल्या. उजेड इतका कमी, की जपून हाताळावा असं वाटावं. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा जवळून, अंधारात एका दिव्याकडे बघत राहिला. दिव्याला कमी वीज दिली की तो मरत नाही, उलट जास्त खोल वाटतो, याचं त्याला भारी नवल वाटलं.

माणसांचं काम कस्तुराने उचललं. ती शिवणकाम करायची, तिच्या कात्रीला वळण होतं. काळ्या कागदातून तिने डोकी, पागोटी, पदर कापले. ही बातमी वस्तीत फुटली आणि घराघरातून माणसं यायला लागली. माझा बाप त्या गाडीत होता, त्याच्या डोक्याला मुंडासं घाल. माझी आजी होती, ती खिडकीबाहेर हात काढून बसली होती. चिमाजीबुवा स्वतःचाच काळा कागद घेऊन आले आणि नाक जरा सरळ कापा म्हणाले. बघता बघता खिडक्या भरल्या. बहुतेक माणसं आता जगात नव्हती, आणि ती सगळी त्या पत्र्याच्या डब्यांत परत येऊन बसत होती. खंडूला साहेबरावाने शेवटच्या डब्यात बसवलं. त्याच्याशेजारी, कुणालाही न सांगता, त्याने आणखी एक बाई बसवली, कडेवर पोर घेतलेली. पंचवीस वर्षांची चूक तो एका काळ्या कागदाने दुरुस्त करणार होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी विहार माणसांनी गच्च भरलं. वंदना झाली. मग चिमाजीबुवांनी ट्यूब बंद केली आणि साहेबरावाने गाडीच्या दिव्यांचं बटण दाबलं. गाडी अजून उभीच होती, फक्त खिडक्या उजळल्या. कुणीतरी खोल श्वास घेतला. अंधारात हळदीच्या रंगाच्या खिडक्यांची रांग, आणि प्रत्येक खिडकीत दाटीवाटीने डोकी. जाईबाई खुर्ची पुढे ओढून अगदी वाकली. तिचा डोळा एकेका खिडकीवरून सरकत होता.

"दिसतंय," ती हळूच म्हणाली. "माणसं हायत."

साहेबराव तिला शेवटच्या डब्यापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, या खिडकीत बघ. तिने डोळा खिडकीला लावला.

"बाई हाय. कडंवर पोर हाय."

"तू हायेस, आये. आन मी."

तो वाट बघत राहिला. तिचे डोळे भरून येतील, ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल, असं काहीबाही त्याने मनात योजून ठेवलं होतं. जाईबाई सरळ उभी राहिली.

"मला काढ हितनं."

एवढी वर्षं तुझं हुकलं, माझ्यापायी हुकलं, असं साहेबराव म्हणाला. पंचवीस वर्षं आत दाबलेलं ते सगळ्या वस्तीसमोर बाहेर पडलं.

"माझं काय हुकलं न्हाई," जाईबाई म्हणाली. "मी उतरले ती माझ्या मनानं उतरले. आत बसले त्यांनी नागपूर बघितलं. गाडी कुणी बघितली? मी बघितली. आपली सगळी माणसं एका गाडीत बसून चाललीत, हे बाहीर उभं राहिल्याबिगर दिसत न्हाई. मला पुन्यांदा आत चढवू नको."

चिमाजीबुवा, जे पंचवीस वर्षं नागपूरची गोष्ट सांगत आले होते, मान खाली घालून उभे होते. साहेबरावाने चिमट्याने ती काळी बाई खिडकीतून अलगद काढली आणि पुठ्ठ्याच्या फलाटावर उभी केली, पोरासकट. मग त्याने आईची खुर्ची उचलून फलाटाच्या मागे ठेवली, जिथून गाडी आडवी न दिसता पाठमोरी जाताना दिसेल अशी. आता चालव, ती म्हणाली.

गाडी निघाली. खिडक्या पुढे सरकल्या, एकमेकींत मिसळल्या, बारीक झाल्या. आणि सगळ्यांच्या मागे, शेवटच्या डब्याच्या पाठीला, तो न निवडता उचललेला लाल दाणा होता. साहेबरावाने त्याला सगळ्यांत जास्त अडवणारा रेझिस्टर लावला होता, मागचा दिवा आहे, कोण बघतंय म्हणून. जाईबाई त्याच्याकडेच बघत होती. पिवळ्या खिडक्या तिला दिसेनाशा झाल्या तरी तो दिसत होता. तिने न बघता हात पुढे केला, साहेबरावाचा खांदा चाचपला, आणि शेजारी उकिडव्या बसलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलाच्या कपाळावर हात ठेवला.

गाडी विहाराच्या त्या टोकाला काळ्या पडद्याकडे चालली होती. लाल दिवा उदबत्तीच्या टोकाएवढा झाला, मग त्याहून बारीक, मग पडद्याआड गेला. तरी तिचा हात तिथेच होता. अंधारात, माणसांच्या गर्दीने आणि दिवसभराच्या धावपळीने साहेबरावाचं कपाळ ओलं झालं होतं.

"घाम आलाय," जाईबाई म्हणाली. "त्या दिवशीबी तो दिवा दिसायचा थांबला, आन हात लावला तर तुला असाच घाम आला व्हता. ताप उतरला व्हता. मग मी तुला घिऊन घरी आले."